पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात आणि मोटारसायकलचे मायलेज

साखळी ज्या दातेरी चक्रांवर फिरते, त्या स्प्रॉकेटपैकी इंजिनाकडच्या पुढच्या स्प्रॉकेटला 14 आणि चाकावरच्या मागच्याला 42 दात असतील, तर पुढचे तीन वेळा फिरल्यावर मागचे चाक एकदा फिरते. पुढे 15 दातांचे स्प्रॉकेट बसवल्यास हेच प्रमाण 2.8 होते आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे 7 टक्क्यांनी घटतात. पेट्रोल मात्र तितके वाचत नाही, कारण वारा कापायला लागणारी शक्ती तेवढीच राहते. वाचते ते इंजिनातील घर्षण आणि अर्धवट उघड्या थ्रॉटलमधून (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेतून) हवा ओढण्यात वाया जाणारी ऊर्जा. त्यामुळे कोल्हापूरहून कागल-निपाणीकडे महामार्गाने एकसारख्या वेगाने रोज जाणाऱ्याला हा बदल उपयोगी पडेल. पन्हाळ्याचा चढ किंवा गगनबावड्याचा घाट मागे कोणाला तरी बसवून चढणाऱ्याने, विशेषतः गाडी 100 सीसीची असल्यास, या फंदात पडू नये. तिथे खालचा गिअर टाकावा लागतो, क्लच घासतो आणि वाचलेले पेट्रोल तिथेच जाते.

बदलानंतर साखळीचा ताण माहितीपुस्तिकेप्रमाणे पुन्हा लावावा. जुन्या, झिजून लांबलेल्या साखळीवर नवे स्प्रॉकेट बसवू नये.

मायलेज मोजताना आणखी एक गोम आहे. ज्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून नव्हे, तर गिअरबॉक्सवरून चालतो, तिथे किलोमीटर कमी नोंदले जातात आणि सुधारलेले मायलेजही घटल्यासारखे दिसते. अशा वेळी टाकी काठोकाठ भरून मोजलेल्या अंतराला 15 ने गुणून 14 ने भागावे.