लेझरने विस्थापन मोजताना आधी फिल्टर लावून पाहा

लेझर डायोडचा प्रकाश हलत्या वस्तूवरून परत त्याच डायोडमध्ये शिरला, की डायोडच्या प्रकाशाची शक्ती कमी-जास्त होते. डायोडच्या आतल्या फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या भागावर) हे दिसतं, त्यामुळे वेगळा डिटेक्टर लागत नाही. (स्वस्त पॉइंटरमध्ये हा फोटोडायोड बऱ्याचदा नसतो, घेण्याआधी डेटाशीट बघा.) वस्तू अर्धी तरंगलांबी सरकली की एक फ्रिंज (शक्तीतला एक पूर्ण चढ-उतार). म्हणजे ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरला २० फ्रिंज मोजल्या, तर विस्थापन ६.५ मायक्रोमीटर.

खरी मेख परतणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात आहे. तो फार कमी असेल तर फोटोडायोडच्या सिग्नलमधल्या लहरी जवळपास सममित दिसतात, दिशा ओळखणं अवघड जातं. थोडा वाढला की लहरी करवतीच्या दात्यांसारख्या एका बाजूला झुकतात आणि दिशा बदलली की झुकावही उलटतो. हवी ती हीच अवस्था. आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग मात्र टाळा: प्रकाश अति झाला की फ्रिंजच गळतात आणि मोजमाप बिनबोभाट चुकतं.

म्हणून वाटेत बदलता येणारा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच) ठेवा, थोडा तिरका, नाहीतर त्याचंच परावर्तन आत शिरेल. प्रकाश त्यातून दोनदा जातो, तेव्हा १० टक्के पारगमनाच्या फिल्टरमधून परतीची शक्ती १ टक्काच उरते.