फोटोच्या आधी पत्ता: मधुमेहींच्या डोळ्यांच्या शिबिराची तयारी

टिळकनगर असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदूरच्या आपल्या एखाद्या मंडळात मधुमेहींच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचं शिबिर ठरलं की आधी कॅमेऱ्याची चर्चा होते, मग बॅनरची. माझं आग्रहाचं सांगणं असं, की तारीख जाहीर करण्याआधी ज्यांच्या फोटोत दोष निघेल त्यांना कुठे पाठवायचं ते पक्कं करा. रेटिनाच्या, म्हणजे याच पडद्याच्या, डॉक्टरांना स्वतः जाऊन भेटा आणि शिबिरानंतरच्या आठवड्यातल्या त्यांच्या काही वेळा मागून घ्या. लेझरला किती, डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनला किती, आयुष्मान कार्डावर काय बसतं, हे विचारून कागदावर आणा. ज्यांना खासगी झेपणार नाही त्यांच्यासाठी एमवायसारख्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांची ओपीडी कुठल्या वारी असते, चिठ्ठी कुठे निघते, तेही लिहून ठेवा. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींचे असे फोटो दरवर्षी काढायला सुरुवात झाली. २००९-१० पर्यंत तिथे काम करत्या वयातल्या अंधत्वाचं पहिलं कारण म्हणून मधुमेहाचं नाव मागे पडलं होतं. फोटोपाठोपाठ वेळेवर उपचार मिळाले नसते, तर नुसत्या कॅमेऱ्यांनी हे झालं नसतं.

मग निरोप. तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, पण घरोघरी सांगायलाही माणसं नेमा, कारण ‘मला तर सगळं छान दिसतं’ म्हणणारे तिथेच भेटतात आणि आपल्याला हवेत ते नेमके हेच. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, झिरपतात, तरी नजर बराच काळ शाबूत राहते. दिसायला कमी आलं तोवर आजार पुष्कळ पुढे गेलेला असू शकतो. प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात निदान झाल्या झाल्याच पहिली तपासणी हवी, पुढे साधारण दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेली सून किंवा लेक गरोदर असेल तर तिला शिबिराची वाट पाहायला लावू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि काकांना घेऊन येणाऱ्या काकूंना त्यांची स्वतःची शुगर कधी तपासली ते जरूर विचारा.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. एकादशी, संकष्टी टाळा. गोळी घेऊन उपाशी बसलेल्या मधुमेह्याची साखर रांगेत उतरली तर जिवावर बेतू शकतं. या फोटोला उपाशीपोटी यायचं नसतं, हे निरोपातच लिहा: पोहे खाऊन या, नेहमीची औषधं न चुकवता या. तरी ग्लुकोज आणि बिस्किटं टेबलावर असू द्या. येताना चष्मा, चालू औषधांची चिठ्ठी, शुगरचे शेवटचे रिपोर्ट आणायला सांगा. बाहुली मोठी करायचे थेंब डोळ्यात घातल्यावर काही तास जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून स्कूटर स्वतः चालवत येऊ नये, सोबत घरचं कुणी असावं, काळा चष्मा असावा.

हॉलमध्ये सर्वांत जास्त कष्ट घ्यायचे ते अंधारासाठी. बिनथेंबांचा फोटो काढायचा तर बाहुली आपोआप मोठी व्हायला हवी. त्यासाठी खिडक्यांना जाड काळं कापड, दाराच्या फटीलासुद्धा. माणसाला काही मिनिटं अंधारात बसू द्या. एका डोळ्यावर फ्लॅश पडला की दुसरी बाहुलीही आकसते, तेव्हा मध्ये थोडं थांबायचं. प्रत्येक डोळ्याचे निदान दोन फोटो हवेत, एकात नजरेचा मध्यबिंदू मधोमध, दुसऱ्यात डोळ्यामागच्या नसेचं पडद्यावर दिसणारं तोंड मधोमध. कॅमेऱ्याचं टेबल वरखाली होणारं आणि खुर्ची बिनचाकांची असावी, नाहीतर आजी हनुवटी टेकवतात आणि खुर्ची मागे सरकते. हनुवटीची पट्टी दर माणसामागे पुसायला स्पिरिट आणि कापूस ठेवा. इन्व्हर्टर आदल्या दिवशी चालवून पाहा.

क्रम चुकवू नका: आधी नाव-नोंदणी, मग तक्त्यावर नजर, मग फोटो, आणि फोटो धूसर आला तरच थेंब. थेंब डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पडावेत, काचबिंदू आहे का हे आधी विचारून. घरी गेल्यावर डोळा खूप दुखला, लाल झाला, उलटी झाली तर लगेच कुठे फोन करायचा, तो नंबर प्रत्येकाच्या हातात द्या.

मोतीबिंदूमुळे फोटो नीट आलाच नाही, असे काही निघतीलच. त्यांच्या कागदावर कुणीही ‘नॉर्मल’ लिहू नये. न दिसलेला पडदा तपासलेला धरायचा नाही. त्यांचाही पत्ता डॉक्टरांकडेच.

दोष निघालेल्यांशी बोलायला शांत स्वभावाचं माणूस बसवा. साधा, सुरुवातीचा दोष असेल तर साखर, रक्तदाब आणि पुढच्या तपासणीची तारीख एवढं पुरतं. नव्या नाजूक वाहिन्या उगवल्या असतील किंवा मध्यबिंदूला सूज वाटत असेल, तर राखून ठेवलेली वेळ तिथेच हातात द्या. लेझरबद्दल आधीच स्पष्ट सांगा, की त्याने नजर वाढत नाही, आहे ती वाचवण्यासाठी ते असतं. हे न सांगितल्यामुळे ‘काही फरक नाही पडला’ म्हणत माणसं पुढच्या खेपेला जात नाहीत आणि आहे ती नजरही धोक्यात येते. कुणाचे फोटो किंवा रिपोर्ट मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका.

शेवटचं काम नोंदवहीचं. प्रत्येक नावापुढे घरातल्या दुसऱ्या कुणाचा मोबाइल नंबर आणि फोन करणाऱ्या कार्यकर्त्याचं नाव हवं. आठवड्याने विचारा: दवाखान्यात गेलात का? नसतील गेले, तर अडलं कशाने ते विचारा. बहुधा पैसा असतो किंवा सोबतीला कुणी नसतं. सोबतीला जायला तयार असलेल्यांची नावं शिबिराआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.