‘लाइन रिकामी आहे’ म्हणण्याआधी: समुद्रातल्या पाइपलाइनच्या देखभालीत या चुका टाळा

"लाइन रिकामी आहे, खोला." बार्जवर, म्हणजे जिथून हे काम चालतं त्या सपाट जहाजावर, हे वाक्य कानावर पडलं की मी आजही दचकतो. समुद्राच्या तळाशी पडलेली लाइन कधीच रिकामी नसते. तेल नसेल तर पाणी असतं, पाणी नसेल तर गॅस असतो, आणि काहीच नाही असं वाटतं तेव्हा बहुधा तिन्ही थोडंथोडं असतं. देखभालीच्या कामात समुद्रात जे सांडतं, त्यातलं बरंचसं या एका गृहीतकामुळे सांडतं.

माझं बहुतेक काम मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या बाजूचं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर, पाणी ७५ मीटरच्या आसपास, १९७६ पासून उत्पादन सुरू. प्लॅटफॉर्मांमधल्या छोट्या लाइनींचं तळावर जाळं आहे आणि उरणला येणाऱ्या मोठ्या वाहिन्या आहेत. त्यातली एक १९९३ च्या मे महिन्यात फुटली आणि हजारो टन कच्चं तेल समुद्रात गेलं. अशा फुटीची बातमी होते. स्पूल (लाइनीतला जोडाचा तुकडा) बदलताना निसटलेल्या दोनशे लिटरची, किंवा लाइनीच्या पाण्याच्या दाबाच्या टेस्टनंतर सोडून दिलेल्या रसायनमिश्रित पाण्याची बातमी होत नाही. हा लेख त्या बातमी न होणाऱ्या सांडण्याबद्दल आहे.

वरच्या मीटरवर शून्य म्हणजे खालीही शून्य?

ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डेकवरचा प्रेशर गेज समुद्राच्या पातळीपासून समजा २० मीटर उंच आहे. लाइन आणि राइझर (तळावरून वर प्लॅटफॉर्मवर चढणारा पाइप) समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेले आहेत आणि गेजवर शून्य दिसतंय. खाली फ्लँजपाशी (बोल्टने आवळलेल्या जोडापाशी) आतून ९५ मीटर पाण्याचा दाब आहे आणि बाहेरून ७५ मीटरचा. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे आतला दाब दोन बारने जास्त. बोल्ट सैल केले की आतलं पाणी बाहेर येणारच, आणि त्यात बायोसाइड (जिवाणू मारणारं रसायन) असेल तर तेही सोबत येणार.

तीच लाइन गॅसने भरलेली असेल तर चित्र उलटं होतं. आत जवळपास शून्य, बाहेरून साडेसात बार. फ्लँज उघडताच समुद्र आत घुसतो आणि जवळ असेल त्याला ओढून नेतो. २०२२ च्या फेब्रुवारीत त्रिनिदादमध्ये ३० इंची लाइनवर काम करणारे पाच डायव्हर असेच आत ओढले गेले. एकच जिवंत बाहेर आला. लाइनमधला द्रव आधी काढून घेतल्याने आत पोकळी तयार झाली होती आणि प्लग निघताच तिने सगळं खेचून घेतलं. सांडू नये म्हणून लाइन "रिकामी" करायची आणि त्या रिकामेपणानेच माणसं न्यायची, इतकं हे जवळजवळ आहे. कच्च्या तेलाने भरलेल्या लाइनीत तेल हलकं असल्यामुळे दाब जवळजवळ बरोबरीचा निघतो, किंचित बाहेरच्या बाजूला. म्हणून तिथे धार लागत नाही, तेल झिरपत राहतं आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय साधा आहे, पण वेळ खातो. उघडायच्या आधी लाइन स्वच्छ, गाळलेल्या पाण्याने भरायची. मग राइझरमधली पातळी समुद्राच्या पातळीपर्यंत उतरवायची. भरती-ओहोटीचा फरक धरायचा. शेवटी डायव्हरने अर्ध्या इंचाच्या बारीक व्हॉल्व्हमधून प्रवाह आत जातोय की बाहेर येतोय ते डोळ्यांनी पाहायचं. कागदावरचा हिशेब बरोबर असला तरी हे पाहणं सोडायचं नाही.

एकदा डायव्हरचा बेलमधून, म्हणजे त्यांना तळाशी नेणाऱ्या दाबबंद कुपीतून, आवाज आला. हेलियममुळे चिरका झालेला, तरी कोकणी हेल लपत नव्हता: "साहेब, हिरवा येताहा हयसून." (इथून हिरवं येतंय.) टेस्टच्या पाण्यात टाकलेला फ्लोरेसिनचा रंग होता तो. गेजवर शून्य होतं. बारीक व्हॉल्व्ह होता म्हणून पेलाभर गेलं. थेट फ्लँज उघडला असता तर राइझरमधलं वरचं सगळं पाणी खाली उतरून बाहेर पडलं असतं.

जमिनीवरच्या प्लांटमधून नवीन आलेले लोक आणखी एक गंमत करतात. फ्लँजच्या खाली ट्रे लावायला सांगतात. समुद्रात तेल वर जातं, बाबांनो! घुमटासारखं झाकण फ्लँजच्या वर धरायचं आणि तिथून होज लावून बार्जवरच्या टाकीत ओढून घ्यायचं.

एकदा फ्लश केलं की झालं, असं समजणं

१२ इंची लाइनीत एका किलोमीटरला साधारण ७० घनमीटर द्रव मावतो, ३० इंचीत ४२० च्या आसपास. नियोजनात लोक हा एकपट आकडा धरतात आणि तितकं पाणी ढकललं की फ्लशिंग संपलं म्हणतात. पाणी हळू ढकललं तर ते तेलाच्या खालून वाहत जातं आणि तेल पाइपच्या वरच्या अंगाला चिकटून राहतं. आपल्याकडचं कच्चं तेल मेणचट. लाइन दोन दिवस बंद राहिली की भिंतीवर थर धरतो आणि पाणी त्यावरून नुसतं घसरत जातं. पाण्यापुढे आणि मागे पिग (पाइपमधून ढकलत न्यायचे, भिंत खरवडणारे बोळे) लावायला हवेत. पहिल्या फेरीत फोमचा पिग, मग दोन्हीकडून चालणारा डिस्कचा पिग. थर जास्त असेल तर मध्ये जेलची बॅच.

इतकं करूनही काही जागा राहतातच. बॉल व्हॉल्व्हच्या पोटातली पोकळी, बंद असलेली टी (टी-आकाराचा फाटा), बायपासचा तुकडा. पिग या जागांच्या समोरून जातो, आत जात नाही. यांची यादी ड्रॉइंगवर लाल पेनाने आधीच करून ठेवा आणि प्रत्येकीचा ड्रेन वेगळा उघडून पाहा.

नमुना कुठून घेता यावरही बरंच अवलंबून आहे. वाहत्या धारेतून घ्या, कोपऱ्यातल्या निवांत नळीतून नको. ऑफशोअरवरून समुद्रात सोडायच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याला १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत तेलाची मर्यादा आहे: ९५ टक्के नोंदींमध्ये लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत आणि कधीही १०० च्या वर नाही. त्यात एक शब्दप्रयोग आहे तो लोक सोयीस्करपणे विसरतात: पातळ न करता. आकडा ६० आला म्हणून फायरवॉटरची होज सोडून तो ३५ करणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही सराईतपणे होत असो.

सगळी रसायनं एकाच नोझलमधून

हायड्रोटेस्टच्या पाण्यात साधारण चार गोष्टी टाकतात: ऑक्सिजन खाणारं रसायन, जिवाणू मारणारं बायोसाइड, गंज रोखणारं इन्हिबिटर आणि गळती दिसावी म्हणून रंग. घाईत चारही ड्रम एकाच पंपाला जोडले जातात. ऑक्सिजन खाणारं बायसल्फाइट आणि बायोसाइड म्हणून टाकलेलं ग्लुटारल्डिहाइड एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात. ग्लुटारल्डिहाइड निष्प्रभ करायला मुद्दाम बायसल्फाइटच वापरतात! म्हणजे दोन्ही ड्रमचे पैसे गेले, लाइनीत जिवाणू वाढायला मोकळे राहिले आणि पुढच्या वेळी कुणीतरी म्हणणार, "मागच्या वेळी डोस कमी पडला, या वेळी दुप्पट करू." हा दुप्पट डोस शेवटी समुद्रातच जातो. दोन्ही लागणारच असतील तर आधी बायसल्फाइट टाका, त्याला ऑक्सिजन खायला वेळ द्या आणि बायोसाइड पुढे, वेगळ्या जागी सोडा. जास्तीचं बायसल्फाइट उरत नाही ना, हेही तपासा.

डोसचा हिशेब डोळे झाकून करू नका. आपल्याकडच्या कोमट समुद्रात विरघळलेला ऑक्सिजन सहा-सात पीपीएम (दशलक्षात सहा-सात भाग) असतो. एक पीपीएम ऑक्सिजनला सोडियम बायसल्फाइट साधारण साडेसहा पीपीएम लागतं. म्हणजे गरज ४५ च्या आसपासची, वर थोडी सूट धरा. मी कागदावर २०० लिहिलेलं पाहिलंय, कारण आधीच्या कामाची प्रक्रिया जशीच्या तशी उचलली होती. दहा किलोमीटरच्या १२ इंची लाइनीत ७०० घनमीटर पाणी बसतं. ५०० पीपीएमने मिश्रण टाकलं तर ३५० लिटर रसायन, म्हणजे जवळपास दोन ड्रम.

माझं मत विचाराल तर पहिला प्रश्न डोस किती हा नकोच. मुळात हवाय का, हा हवा. साध्या कार्बन स्टीलच्या लाइनीत पाणी दोन-चार दिवसच राहणार असेल, ते नीट गाळलेलं असेल, तर बंद पाइपमधला थोडासा ऑक्सिजन स्वतःच संपतो. मटेरियलवाल्या इंजिनिअरशी बसून हे ठरवा. आत स्टेनलेसचे भाग असतील किंवा पाणी महिनोन्‌महिने राहणार असेल तर गोष्ट वेगळी.

प्रेशर पडतंय, टाका अजून रंग

टेस्टला लावलेली लाइन रात्रीत चार बार खाली आली की बार्जवर धावपळ सुरू होते. कुणी म्हणतं गळती आहे, कुणी रंगाचा ड्रम उघडतं. थांबा. डेकवरून गेलेलं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा गरम असतं. पाण्याने भरलेल्या स्टीलच्या लाइनीत तापमान एक अंशाने उतरलं तर दाब तीन-चार बारने उतरू शकतो. लाइन थंड होऊन स्थिर होईपर्यंत कुणीही निष्कर्ष काढू नये. दुसरा संशयित अडकलेली हवा. भरलेल्या आकारमानाच्या ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त हवा असेल तर टेस्टच धरू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. तिसरा संशयित डेकवरच: होजची कपलिंग, पंपाचा पास होणारा (बंद करूनही झिरपणारा) व्हॉल्व्ह, गेजची नळी. साबणाचं पाणी घेऊन वरच्या सगळ्या जोडांवरून एक फेरी मारा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त "समुद्रातल्या गळत्या" अशा डेकवरच सापडल्या आहेत.

पाणी सोडायची जागा शेवटी ठरवणं

टेस्ट पास झाली, सगळे खूश, आणि मग प्रश्न येतो की हे ७०० घनमीटर कुठे सोडायचं. तोवर जिथे पंप उभा आहे तीच जागा ठरून गेलेली असते. किनाऱ्याच्या टोकाला सोडलं तर करंजा-रेवसच्या खाडीतल्या चिखलात आणि तिवरांत जाणार, जिथे पाणी फार हलत नाही आणि जिथे लोकांच्या डोली (मासेमारीची जाळी) लागलेल्या असतात. समुद्राच्या टोकाला, प्रवाह जोरात असताना, पाण्याच्या मध्यावर उतरवलेल्या आणि भोकं पाडलेल्या पाइपमधून हळू सोडलं तर ते लवकर मिसळतं. ही दिशा पाणी भरायच्या आधीच ठरवावी लागते, कारण पिग कुठून सोडायचे ते त्यावर ठरतं. बायोसाइड निष्प्रभ केलं तरी एक गोष्ट उरते: पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. सोडताना हवा मिसळा. रसायन नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, मासा गुदमरूनही मरतो.

पिग रिसीव्हरबद्दल, म्हणजे लाइनीच्या टोकाला पिग जिथे बाहेर काढतात त्या कप्प्याबद्दल, थोडक्यात. दार उघडायच्या आधी आतला काळा गाळ ओला ठेवा, कारण त्यातलं लोखंडाचं सल्फाइड सुकलं की हवेत आपोआप पेट घेतं. तो गाळ ड्रममध्ये भरून किनाऱ्यावर पाठवा. होजने डेक धुऊन समुद्रात ढकलणं अजूनही होतं, ते बंद करा.

रात्रपाळीने टाकलेलं तेल

एका मोसमात, पावसाळ्याच्या तोंडावर, सगळ्यांना काम आटपून बंदरात परतायची घाई होती. सकाळी बार्जच्या मागे पाण्यावर इंद्रधनुषी रंग दिसला, अंदाजे २०० मीटर बाय ५० मीटर. सगळ्यांच्या नजरा पाइपलाइनकडे गेल्या. अशा रंगाच्या थराची जाडी ०.३ ते ५ मायक्रॉन धरतात. तेवढ्या पट्ट्याला ३ ते ५० लिटर तेल पुरतं. लाइन गळत असती तर पट्टा वाढत गेला असता, हा तर मागे पडत चालला होता. मी हायड्रॉलिक पॉवर युनिटपाशी गेलो, जे डायव्हरची टूलं तेलाच्या दाबावर चालवतं. टाकी भरलेली. ऑपरेटरला विचारलं, रात्री काही टाकलं का? "हो सर, वीस लिटर. लेव्हल थोडी खाली होती." डायव्हरच्या टॉर्क टूलची होज बार्जच्या कडेला घासून चिरली होती. टूल चालत होतं, म्हणून कुणी पाहिलं नाही. तेल साधं खनिज होतं. जैविक विघटन होणारं मागवलेलं तेल "महाग आहे, पुढच्या फेरीत येईल" या यादीत पडून होतं.

तेवढ्यात एकाने साबण मारायचं सुचवलं. साबण असो की डिस्पर्संट, त्याने तेल नाहीसं होत नाही, फक्त नजरेआड खाली जातं. डिस्पर्संट तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय वापरायचंच नसतं. टूल बंद केलं, होज वर घेतली, आणि मालक कंपनीसोबत तटरक्षक दलालाही कळवलं. त्यांचा १५५४ हा नंबर आमच्या रेडिओरूममध्ये भिंतीवर लावलेला असतो, तो फक्त बुडणाऱ्या माणसांसाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं.

त्या मोसमानंतर आमच्या पाळी बदलायच्या कागदावर एक रकाना वाढला: टाकीत तेल किती टाकलं, आणि का. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी तिथे आडवी रेघ मारली. मग मी "शून्य" असं अक्षरात लिहायला लावलं.