विजनवासातल्या नेत्यावर व्याख्यान कसं बांधावं: राशिद घनुशी

ट्युनिशियाच्या राशिद घनुशींवर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुतेक वेळा एकाच जागी फसतो. 1989 साली माणूस देश सोडतो आणि पुढच्याच वाक्यात 2011 साली विमानतळावर उतरतो. मधली जवळपास 22 वर्षं गुल! घनुशींच्या एन्नहदा या इस्लामी पक्षाचा 2011 नंतरचा शहाणपणा आणि त्याच्या चुकाही त्याच वर्षांत मुरल्या. ती कशी भरायची हाच तयारीचा मुख्य भाग, बाकी हमाली आहे.

आधी वेळेचं गणित करा. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत साधारण 40 मिनिटं मिळतात. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला 100 ते 110 शब्द होतात, म्हणजे हातात चार-सव्वाचार हजार शब्द. त्यातले बाराशे विजनवासाला राखून ठेवा. बालपणावर पाचशेच्या वर जाऊ नका. दक्षिण ट्युनिशियातलं अल-हम्मा गाव, 22 जून 1941 चा जन्म, शेतकरी वडील, ट्युनिसच्या झैतुना या जुन्या इस्लामी विद्यापीठाच्या परंपरेतलं शिक्षण, इतकं पुरे. दापोलीकडच्या श्रोत्यांना एक तपशील नक्की आवडेल. 1964 मध्ये हा गडी कैरोला गेला तो शेतकी शिकायला. तिथून ट्युनिशियन विद्यार्थ्यांना काढलं, म्हणून ते दमास्कसला गेले आणि 1968 मध्ये तत्त्वज्ञानाचे पदवीधर झाले. सुरुवातीला ते इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांना मानणारे अरब राष्ट्रवादी होते, इस्लामी राजकारणाकडे वळले ते सीरियात. हे वळण गाळलं तर माणूस जन्मतःच मौलवी होता असा समज होतो. प्रत्यक्षात मायदेशी परतल्यावर ते शाळेत तत्त्वज्ञान शिकवत होते.

आता वही. दोनशे पानी वही आडवी धरा आणि पानावर चार रकाने पाडा: साल, माणूस कुठे होता, देशात काय चाललं होतं, हे कुठून कळलं. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवलात तरच विजनवास दिसतो. परदेशी असलेल्या माणसाच्या आयुष्यात पुष्कळदा काहीच घडत नाही. घडतं ते मागे राहिलेल्यांच्या आयुष्यात. उदाहरणार्थ 1991 ची ओळ. दुसऱ्या रकान्यात: अल्जीरिया आणि सुदानमार्गे लंडन. तिसऱ्यात: फेब्रुवारीत ट्युनिसच्या बाब सुइका भागात सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयावर हल्ला, आग, एका पहारेकऱ्याचा मृत्यू. सरकारने ठपका एन्नहदावर ठेवला. आदेश आमचा नव्हता असं नेतृत्वाने सांगितलं. तरीही पक्षाच्या संस्थापकांपैकी अब्देलफत्ताह मुरू यांनी याच प्रकरणावरून सदस्यत्व गोठवलं. ही ओळ टाळू नका. ती टाळली तर व्याख्यान आरती होतं, आणि नुसती हीच वाचली तर आरोपपत्र.

1992 ची ओळ: लष्करी न्यायालयांत 279 आरोपींवर खटले, घनुशींना गैरहजेरीत जन्मठेप. 1993 ची: ब्रिटनमध्ये राजकीय आश्रय मिळाला, आणि त्याच वर्षी बैरुतहून इस्लामी राज्यातल्या सार्वजनिक स्वातंत्र्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्याची सुरुवात 1980 च्या दशकात तुरुंगात झाली होती. बहुमताचं राज्य, सत्तांतर, अल्पसंख्याकांचे हक्क हे सगळं धर्मग्रंथांच्या चौकटीत बसवण्याचा तो प्रयत्न आहे. तो पटो न पटो, विजनवासाचे बाराशे शब्द उभे राहतात ते त्याच्यावर. लंडनच्या थंडीची आणि एकटेपणाची वर्णनं घालून जागा भरू नका. त्यातलं बरंचसं वक्त्याच्याच मनचं असतं.

रकाने भरताना सालांचे घोटाळे होतात ते ठरावीक ठिकाणी. संघटना जाहीर झाली 6 जून 1981 ला, ‘इस्लामी प्रवृत्ती चळवळ’ या नावाने. एन्नहदा हे नाव 1980 च्या दशकाच्या अगदी शेवटी आलं, कारण धर्माचं नाव घेणाऱ्या पक्षाला मान्यता मिळणार नव्हती. नाव बदलूनही ती मिळाली नाहीच. त्यामुळे ‘1981 मध्ये एन्नहदा स्थापन’ असं लिहिलं की पुढचं सगळं तिरकं जातं. तुरुंगवासही दोन आहेत. 1981 मध्ये 11 वर्षांची शिक्षा आणि 1984 मध्ये सुटका. मग 1987 मध्ये जन्मठेप, तीही पुरेशी नाही म्हणून अध्यक्ष बुर्गिबांना फेरखटला हवा होता. 7 नोव्हेंबर 1987 ला पंतप्रधान बेन अलींनी बुर्गिबांनाच बाजूला सारलं आणि स्वतः अध्यक्ष झाले, आणि 1988 मध्ये घनुशी सुटले. एप्रिल 1989 च्या निवडणुकीत चळवळीचे उमेदवार अपक्ष म्हणून लढले, सगळ्या 141 जागा सत्ताधारी पक्षाने घेतल्या, आणि त्यानंतर घनुशी बाहेर पडले.

रत्नागिरीत बोलणार असाल तर ‘विजनवास’ म्हटल्याबरोबर सभागृहात दोन चेहरे उभे राहतात: ब्रह्मदेशाचा थिबा राजा आणि सावरकर. ही तुलना श्रोते करणारच, तेव्हा तुम्हीच आधी करा आणि फरकही सांगून टाका. थिबाला जिंकणाऱ्या इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथेच गेला. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, राजकारणाला बंदी होती. दोघांची जागा सरकारने ठरवलेली. घनुशी स्वतः निघून गेले. परतीची वाट अडवली ती त्यांच्याच देशातल्या सरकारने, आणि लंडनमध्ये त्यांना लिहायला-बोलायला मोकळीक होती. थिबाला दरबार नव्हता, यांच्याकडे परदेशात विखुरलेला का होईना, पक्ष होता.

नकाशा पुठ्ठ्यावर हाताने काढा. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, ऐन वेळी वीज जाते. 22 बाय 28 इंचाचा कार्डशीट, त्यावर ट्युनिस, अल्जियर्स, खार्टूम, लंडन हे चार ठिपके आणि जाड मार्करने बाण. मागच्या रांगेला वाचता यावं म्हणून अक्षरं दीड इंचाच्या खाली नकोत. देशाचा आकार सांगताना महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा जास्त म्हणा, लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत. शहरा-माणसांची नावं इंग्रजी बातम्यांत फ्रेंच वळणाने लिहिलेली असतात, ती तशीच वाचली की गडबड होते. मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या सरांकडून मूळ अरबी नावं एकदा मोठ्याने वाचून घ्या. श्रोत्यांत अरबी जाणणारे असणार, आणि एक नाव चुकलं की पुढचं कुणी मनावर घेत नाही.

परतीचा भाग भराभर सांगा. 14 जानेवारी 2011 ला अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले, 30 जानेवारीला घनुशी उतरले, विमानतळावर हजारो माणसं होती. मग फळ्यावर तीनच आकडे लिहा: 89, 69, 52. म्हणजे 217 च्या सभागृहात 2011, 2014 आणि 2019 मध्ये एन्नहदाला मिळालेल्या जागा. उतार डोळ्यांना दिसतो, भाषण करावं लागत नाही. 2013 मध्ये डाव्या, सेक्युलर गोटातल्या शुकरी बेलैद आणि मोहम्मद ब्राहमी यांचे खून झाले. विरोधकांनी राजकीय जबाबदारी एन्नहदावर टाकली, पक्षाने आरोप फेटाळला, पण सत्ता सोडून तटस्थ मंत्रिमंडळाला वाट द्यावी लागली.

प्रश्नोत्तरांत ‘म्हणजे हे दुसरे खोमेनीच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. दोन वाक्यांत उत्तर तयार ठेवा. खोमेनी विजनवासातून 1 फेब्रुवारी 1979 ला इराणला परतले आणि धर्मपंडितांना राज्याच्या शिखरावर बसवलं. घनुशींच्या पक्षाने 2012 मध्येच राज्यघटनेत शरियतचा उल्लेख नको हे मान्य केलं, 2014 चा पराभव पचवून विजेत्यांबरोबर सरकारात बसला, आणि 2016 च्या अधिवेशनात धर्मकार्य आणि राजकारण वेगळं केलं. हे मनापासून की गरजेपोटी, यावर ट्युनिशियातच दोन तट आहेत. तसंच सांगा, निकाल देऊ नका.

शेवटचं पान पेन्सिलने लिहा. घनुशी 2019 मध्ये संसदेचे सभापती झाले, 25 जुलै 2021 ला अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, आणि एप्रिल 2023 मध्ये घनुशींना अटक झाली. शिक्षा एकावर एक चढत गेल्या, त्यातली 22 वर्षांची फेब्रुवारी 2025 मधली. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी ताजी बातमी पाहा, पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका, आणि ‘सध्या’ हा शब्द वापरलात तर ती तारीख मोठ्याने वाचा.