जपानी तलवार विकण्याआधी मुठीच्या आत पाहा

जुनी जपानी तलवार विकायची असेल, तर ‘ही अमुक सामुराईची’ या ऐकीव माहितीवर किंमत ठरवू नका. खरा पुरावा मुठीच्या आत असतो. मुठीतली बांबूची बारीक खुंटी हलक्या हाताने ठोकून काढा आणि मूठ सरकवा. आतल्या पोलादी भागावर, म्हणजे नाकागोवर, कारागिराची सही असू शकते. तिथला काळपट गंज मात्र कृपा करून घासू नका! जाणकार तलवारीचं वय त्यावरूनच ताडतात, आणि एकदा गेला की तो परत येत नाही.

सही दिसली तरी लगेच हुरळून जाऊ नका. नामवंत कारागिरांच्या खोट्या सह्या शतकानुशतकं होत आल्या आहेत. उलट, लांब पातं नंतरच्या काळात मुठीकडच्या बाजूने कापून आखूड केल्यामुळे कित्येक अस्सल तलवारींवर सहीच उरलेली नाही. पात्यावर क्रमांक ठोकलेला असेल, तर ती बहुधा दुसऱ्या महायुद्धातली, कारखान्यात बनलेली. पण नुसत्या लष्करी म्यानावरून निकाल देऊ नका. काही लष्करी अधिकारी आपल्या घराण्यातलं जुनं पातं त्यात बसवून घेत.

टोकियोची एनबीटीएचके ही जपानी तलवारींचं जतन करणारी संस्था तलवार प्रत्यक्ष तपासून प्रमाणपत्र देते. ते पात्याबद्दल बोलतं, मालकाबद्दल नाही. मालकीची कथा विकायची असेल, तर जुनी पत्रं, फोटो, पावत्या हव्यातच.

तलवार भारतात असेल आणि शंभर वर्षांहून जुनी वाटत असेल, तर १९७२च्या पुरावशेष कायद्यामुळे ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. ग्राहक शोधण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा.