ठाण्याहून स्की रेसला जाताना: तयारीची यादी

तयारी डिसेंबरात सुरू करू नका. हंगाम मार्चमध्ये संपतो, आणि त्याच आठवड्यात पुढच्या हंगामाचं पहिलं काम करायचं असतं: स्कीच्या कडा. स्कीचा तळ प्लास्टिकचा असतो, पण दोन्ही बाजूंना पोलादाची जेमतेम दोन मिलिमीटरची पट्टी असते. तिला रंग नाही, मुलामा नाही. ठाण्यात एका बाजूला खाडी आणि वर चार महिने पाऊस, त्यामुळे ती उघडी राहिली की गंजतेच. आमच्याकडे गेल्या वर्षी हेच राहिलं. ओलसर पिशवीत बंद झालेल्या स्की माळ्यावर गेल्या, थंडीत काढल्या तेव्हा कडांवर नुसता तपकिरी थर नव्हता, त्याखाली बारीक खड्डे पडले होते. मुलीच्या शिबिराचे सुरुवातीचे दिवस त्यात गेले. यंदा ज्यांची मुलं पहिल्यांदा गुलमर्गला किंवा औलीला रेससाठी जाणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तर मार्चअखेर स्की पुसून एक रात्र पंख्याखाली उभ्या ठेवा. कडांवर डायमंड स्टोन (धार घासायचा बारीक दगड) फिरवा. मग तळावर वॅक्स इस्त्रीने पसरवा, जाड थर द्या, आणि तो थर कडांवरूनही उतरू द्या. खरवडू नका. नेहमी वॅक्स लावल्यावर खरवडायचं असतं म्हणून मुलं सवयीने खरवडतात, त्यांना थांबवा. तो थर हिवाळ्यापर्यंत तसाच राहिला पाहिजे, कारण दमट हवेपासून पोलादाला तोच वाचवतो. कपड्यांची जुनी, वाफ नसलेली इस्त्री चालते. धूर निघाला तर ती जास्त तापली आहे, तळ जळेल. स्की पिशवीत घालू नका, बाथरूमच्या भिंतीला टेकवू नका, माळ्यावर तर नकोच. रोज डोळ्यांसमोर राहतील अशा खोलीत उभ्या ठेवा. गणपतीत घर आवरताना एकदा कडांवरून बोट फिरवा. खंडेनवमीला हत्यारं पुजाल तेव्हा स्कीही काढा आणि उजेडात नीट बघा. कुठे ठिपका दिसला तर त्याच दिवशी घासा. पुढच्या रविवारी नाही, त्याच दिवशी.

एवढा आग्रह का, तर जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या गेटच्या खांबांमधून वळत खाली यायच्या रेसमध्ये, सगळं वळण कडेवर घेतलं जातं. रेसचा उतार मऊ बर्फाचा नसतो. तो दाबून, कधी पाणी मारून घट्ट करतात, म्हणजे शेवटच्या नंबरच्या मुलालाही कोर्स (रेसचा मार्ग) टिकलेला मिळतो. त्या घट्ट बर्फावर गंजलेली कड धरत नाही. स्की बाजूला सरकते, वेळ जातो, आणि वेग जास्त असेल तर मूल कडेच्या सुरक्षा जाळीत जातं. गंज काढायला कानस लावावी लागते, आणि कानस प्रत्येक वेळी पोलाद खाते. दोन मिलिमीटरमधून किती खाणार? बाजूचा कोन ८७ किंवा ८८ अंश, प्रशिक्षक सांगतील तो, आणि कानस त्याच कोनात धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय (त्याला गाइड म्हणतात) ती हातात घेऊच नका.

आणखी एक कारण आहे. ऑलिंपिकपर्यंत पोचलेला स्कीपटू आरिफ खान गुलमर्गच्या उताराजवळ वाढला. २०१८ साली तुर्कस्तानात एर्झुरुमला स्लॅलममध्ये (गेट जवळजवळ असलेली, छोट्या वळणांची रेस) कांस्यपदक मिळवणारी आंचल ठाकूर मनालीची. त्यांना बर्फ घरापाशी होता. आपल्या मुलांना तो वर्षातून थोडेच आठवडे मिळतो, तोही रजा आणि पैसे मोजून. त्यातली एक सकाळसुद्धा बोथट कडांवर घालवणं मुलांवर अन्याय आहे.

पावसाळा पायांसाठी. स्लॅलमची एक धाव मिनिटाच्या आत संपते, जायंट स्लॅलमची त्याहून थोडी लांब; म्हणून मुलाला तासभर उपवन तलावाभोवती पळवून फारसा उपयोग नाही. दम असावा, पण खरं काम मिनिटभर पूर्ण ताकदीने, मग विश्रांती, मग पुन्हा. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, एका पायावरच्या बैठका, डावी-उजवीकडे उड्या. खाली जाताना सावकाश जा, कारण वळणात मांडीला नेमकं तेच करावं लागतं: भार झेलत वाकणं. मांडीच्या मागच्या स्नायूंना विसरू नका. या खेळात सगळ्यात जास्त दुखापत गुडघ्याला होते आणि ते स्नायू गुडघ्याला धरून ठेवतात. येऊरचा चढ पहाटे चालून जा, उतरताना मुलांना धावू देऊ नका. सुक्या दिवशी इनलाइन स्केट्सवर सोसायटीच्या आवारात प्लास्टिकचे शंकू लावून वळणं घ्यायला लावा. बर्फाची जागा ते घेत नाही, पण नजर पुढच्या गेटवर ठेवायची सवय लागते.

बूट वाढत्या अंगाचे घेऊ नका. शाळेचे घेतो तसे एक नंबर मोठे घेतले तर पाय आत फिरतो आणि मुलाने दिलेला दाब कडेपर्यंत पोचतच नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरावीत. पायमोजा एकच आणि पातळ. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा भाग) दर हंगामाला तंत्रज्ञाकडून पुन्हा लावून घ्या. ते वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी यांवर ठरतं, आणि वाढत्या मुलाचं यातलं सगळंच बदलतं. अंदाजाने स्क्रू फिरवणाऱ्याला हात लावू देऊ नका. हेल्मेट रेसच्या मान्यतेचं आहे का ते स्टिकर वाचून बघा. पाठीचं कवच, स्लॅलमसाठी नडगीचे आणि काठ्यांचे गार्ड. घरात जुनं फ्लोरिनवालं वॅक्स असेल तर टाकून द्या, २०२३-२४च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या रेसमध्ये त्यावर बंदी आहे.

कागदपत्रं नेहमीची. विमा घेताना मात्र स्पर्धेत झालेली दुखापत धरली आहे का ते वाचा, पुष्कळ पॉलिसी ती वगळतात. दहावी-बारावीचं मूल असेल तर शाळेशी दिवाळीआधीच बोला, कारण रेस आणि प्रात्यक्षिकं एकाच सुमाराला येतात. काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. स्कीची बॅग विमानात आधी सांगून ठेवा. बूट केबिनमध्ये हातात घ्या. स्की भाड्याने मिळतील, पायात बसलेले बूट मिळणार नाहीत.

निघायच्या आदल्या आठवड्यात वॅक्स खरवडा, कडा तपासा, कोरड्या फडक्याने पुसा, दोन स्कींच्या मध्ये जुनी चादर घाला. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि आपण खाडीकाठून जातो, तेव्हा पहिले दोन दिवस पूर्ण धावा नकोत. शिबिरात रोज संध्याकाळी चहाच्या आधी कडा पुसायच्या. मूल दमलेलं असतं, "उद्या करतो" म्हणतं. ऐकू नका. खोलीत हीटर असतो, स्कीवरचा बर्फ वितळून पाणी कडांवरच बसतं आणि सकाळपर्यंत गंज धरतो. तळाला वॅक्सही संध्याकाळीच, रात्री वीज जाऊ शकते.

रेसच्या दिवशी: बिब (अंगावरचा नंबर), गरम पाणी, कडा पुसलेल्या. कोर्स बघायला मिळतो तेव्हा बाजूने घसरत बघायचा, गेटमधून स्की केली तर बाद. दोन धावांची वेळ एकत्र धरतात, एक गेट चुकलं की संपलं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भर हिमवर्षावात अनेकांना जायंट स्लॅलम पूर्ण करता आली नाही. आरिफ दोन्ही धावा पूर्ण करून ४५वा आला. मुलांना पहिल्या रेसला एवढंच सांगा, खाली पोचायचं.

परतताना बॅग बंद करण्याआधी कडा पुसा. घरी आल्यावर लगेच बॅग उघडा, मग बाकीचं सामान. बुटांचे लायनर (आतलं मऊ अस्तर) काढून वाळवा, वाळल्यावर परत घाला आणि बकल सैल लावून ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात बुटाचं कवच वाकडं होतं.