आठने भागण्याआधी थांबा: जुन्या कॉम्प्युटरचा वेग काढताना या चुका टाळा

एका छापखान्यातल्या ४८६ प्रोसेसरच्या जुन्या मशीनवर डीटीपीच्या फाइली अडकल्या होत्या. नेटवर्क कार्ड नाही, यूएसबी तर नाहीच. उरला सिरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारा जुना पोर्ट) आणि नल मोडेम केबल, म्हणजे दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी सिरियल केबल. डेटा ५०० एमबी, वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका बाइटचे आठ बिट म्हणून मी आठने भागलं, सेकंदाला १४,४०० बाइट आले, म्हणजे साडेनऊ तासांपेक्षा थोडा जास्त वेळ. सकाळी पाहिलं तर पाचवा हिस्सा अजून बाकी. पोर्ट खराब आहे असं समजून मी केबल काढली आणि रात्रभराचं काम वाया गेलं.

पोर्ट उत्तम होता, चूक भागाकारात होती. सिरियल तारेवर प्रत्येक बाइटच्या आधी एक स्टार्ट बिट आणि नंतर एक स्टॉप बिट जातो. पॅरिटी (चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) नसेल तर एका बाइटला दहा बिट लागतात, पॅरिटी चालू असेल तर अकरा. म्हणजे १,१५,२०० ला दहाने भागायचं: सेकंदाला ११,५२० बाइट, आणि ५०० एमबीला बारा तास. ९,६०० वर हाच आकडा ९६० बाइट होतो.

याहूनही बराच कमी वेग मिळत असेल तेव्हा मात्र दोष शोधायला घ्या. पहिला संशय सिरियल पोर्टच्या चिपवर. ८२५० आणि १६४५० या चिपमध्ये येणारा एकच बाइट थांबू शकतो. प्रोसेसरने तो वेळेत उचलला नाही तर पुढचा त्याच्यावर येऊन बसतो. मग प्रोग्रॅम तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागवत राहतो. १६५५०ए मध्ये सोळा बाइटची जागा असते. जुनी चिप असेल तर वेग ३८,४०० वर आणून पाहा, एकूण वेळ बहुतेकदा कमीच लागतो.

बॉड आणि बिट एकच समजण्याची चूक अजूनही सर्रास दिसते. बॉड म्हणजे सेकंदाला तारेवर सिग्नल किती वेळा बदलतो तो आकडा. व्ही.२२बिस मोडेम ६०० बॉडवर २,४०० बिट पाठवायचा, कारण एका बदलात चार बिट बसायचे. सिरियल पोर्टवर हे दोन आकडे सारखे असतात, म्हणूनच घोटाळा होतो.

किलो म्हणजे १,००० की १,०२४? मोडेमचा ५६ के म्हणजे सरळ ५६,००० बिट. सीडीचा १एक्स (एकपट वेग) मात्र १५० गुणिले १,०२४, म्हणजे १,५३,६०० बाइट. फ्लॉपीने तर दोन्ही एकत्र केले: १.४४ एमबी म्हणजे १,४४० गुणिले १,०२४, एकूण १४,७४,५६० बाइट.

सीडीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चांगले ड्राइव्ह याच गैरसमजातून भंगारात जाताना पाहिले आहेत. ५२एक्स लिहिलेला ड्राइव्ह ७,८०० केबीचा वेग फक्त चकतीच्या बाहेरच्या कडेला देतो. वाचन आतून सुरू होतं, आणि तिथे वेग निम्म्याहून कमी असतो. त्यामुळे सुरुवातीचा वेग पाहून निकाल देऊ नका. डीव्हीडीचा १एक्स वेगळाच: १३,८५,००० बाइट, सीडीच्या सुमारे नऊपट.

हार्ड डिस्कचं गणित छोटं आहे. आयडीईवरचे (डिस्कच्या जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीवरचे) ३३, ६६, १००, १३३ हे आकडे मेगाबाइटचे, त्यांना भागायचंच नाही. (६६ पासून पुढे ८० तारांची केबल लागते, ४० तारांची लावली तर ३३ च्या पुढे जात नाही.) साटाचा (आयडीईनंतर आलेल्या बारीक केबलच्या जोडणीचा) १.५ गिगाबिट मात्र दहाने भागायचा, कारण तिथेही आठ बिटांचे दहा करून पाठवतात. उत्तर १५० मेगाबाइट, १८७ नव्हे.

यूएसबीमध्ये नावंच फसवतात. ‘फुल स्पीड’ म्हणजे १२ मेगाबिट, ‘हाय स्पीड’ म्हणजे ४८०. बारा भागिले आठ दीड मेगाबाइट, पण प्रत्यक्षात सेकंदाला एक मेगाबाइटच्या आसपासच मिळतं. चांगला पेनड्राइव्ह याच वेगावर अडला असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. विंडोज एक्सपीला यूएसबी २.० सर्व्हिस पॅक १ पासून मिळालं. यादीत ‘एनहान्स्ड’ शब्द असलेला कंट्रोलर नसेल तर आधी ड्रायव्हर घाला, पेनड्राइव्ह बदलायचं नंतर पाहा.